अभिजित : आकाशातील मापदंड आणि त्याची तपासणी

(विज्ञानविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आठवड्याच्या बाजारात धान्य तोलणाऱ्या व्यापाऱ्याच्या वजनावर सरकारी शिक्का असतो. निरीक्षक ठरावीक मुदतीने येतो, आपल्याजवळील प्रमाण वजनाशी व्यापाऱ्याचे वजन ताडून पाहतो आणि मगच शिक्का उमटवितो. निरीक्षकाचे प्रमाण वजनही कोठे तरी अधिक वरच्या दर्जाच्या वजनाशी ताडलेले असते. ग्राहकाचा विश्वास त्या एका शिक्क्यावर नसतो, या संपूर्ण साखळीवर असतो. ही साखळी एका ठिकाणी जरी सैल झाली, तरी खालच्या प्रत्येक तराजूत खोट येते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

आकाशातील ताऱ्यांचे तेज मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनाही असेच एक प्रमाण वजन हवे होते. दीर्घकाळ ते काम ज्या ताऱ्याने केले, तो म्हणजे उत्तर आकाशातील अभिजित. हा नीलश्वेत वर्णाचा, वयाने तरुण आणि अत्यंत तेजस्वी तारा आहे. त्याच्या तेजाशी इतरांचे तेज ताडले गेले, त्याच्या वर्णाशी इतरांचे वर्ण जुळविले गेले. आणि पुढे, हा मापदंडच मुळात जसा समजला गेला होता तसा नाही, हे त्याच शास्त्राने शोधून काढले. अभिजितच्या भौतिक गुणधर्मांची ही हकिगत ज्ञान कसे मिळते आणि मिळालेले ज्ञान कसे तपासले जाते, याची उत्तम साक्ष आहे.

ओळख आणि एक गैरसमज

पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, अंधार पडताच महाराष्ट्रातून उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. क्षितिजापासून सुमारे सत्तर अंश उंचीवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच, एक पांढराशुभ्र आणि किंचित निळसर छटेचा ठळक तारा दिसतो. तोच अभिजित. स्वरमंडल नावाच्या छोट्या तारकासमूहात तो आहे. दक्षिणेकडे श्रवण आणि पूर्वेकडे हंस हे दोन ठळक तारे घेऊन एक मोठा त्रिकोण कल्पिता येतो. या खुणेने शाळकरी मुलालाही अभिजित सहज ओळखता येईल.

भारतीय परंपरेत नक्षत्रे सत्तावीस मानतात. काही ठिकाणी अठ्ठावीस मानतात, आणि हे अठ्ठाविसावे नक्षत्र म्हणजे अभिजित होय. रोहिणीची धाकटी बहीण अभिजित ही ज्येष्ठत्वाच्या स्पर्धेने तप करण्यासाठी वनात गेली आणि नक्षत्रांच्या गणनेत एक उणे झाले, अशी कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. चंद्राच्या मार्गापासून हा तारा फार उत्तरेस आहे. त्यामुळे चंद्राच्या रोजच्या मुक्कामांत त्याला स्थान मिळणे कठीणच होते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. पंचांगातील ‘अभिजित मुहूर्त’ आणि हा तारा यांचा परस्पर संबंध नावापुरताच आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पंधरा भाग केले असता जो आठवा, म्हणजे मध्यान्हीचा भाग येतो, त्यास अभिजित मुहूर्त म्हणतात. तो रोजच येतो. त्या वेळी अभिजित तारा आकाशात कोठे आहे, याचा त्यात विचार नसतो.

अंतर : दूरच्या नाण्याएवढा कोन

कोणत्याही ताऱ्याचे गुणधर्म जाणावयाचे तर प्रथम त्याचे अंतर कळावे लागते. समोर दिसणारा दिवा जवळचा मंद कंदील आहे की दूरचा प्रखर झोत आहे, हे अंतराशिवाय सांगता येत नाही.

हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरून प्रथम एक व मग दुसरा डोळा मिटला, तर अंगठा मागील भिंतीच्या संदर्भात सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या कक्षेच्या दोन टोकांवरून तारा पाहिल्यास तोही असाच किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनास ‘पराशय’ म्हणतात. तत्त्व सोपे आहे, मोजणी मात्र विलक्षण कठीण. अभिजितचा पराशय एका विकलेच्या आठव्या भागाहून किंचित जास्त आहे. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे चाळीस किलोमीटर दूर धरले, तर ते डोळ्याशी जेवढा कोन करील तेवढाच हा कोन आहे.

हा कोन मोजण्याचे साहस फ्रीड्रिख स्ट्रूव्ह या ज्योतिर्विदाने केले. १८३७ मध्ये त्याने जे मूल्य प्रसिद्ध केले, ते आजच्या मूल्याच्या अगदी जवळ होते. परंतु अधिक निरीक्षणे घेतल्यावर १८४० मध्ये त्याने सुधारित म्हणून जे मूल्य दिले ते पहिल्याच्या दुपटीहून अधिक निघाले. पहिले मूल्य बरोबर आणि सुधारलेले चूक, असा हा विचित्र योग होता. दरम्यान १८३८ मध्ये बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातील एका मंद ताऱ्याचा पराशय विश्वसनीय रीतीने मोजला आणि ताऱ्याचे अंतर प्रथम मोजल्याचे श्रेय बहुधा त्यालाच दिले जाते. योग्य आकडा हाती येणे पुरेसे नसते. तो योग्य आहे याची खात्री पटविता यावी लागते, हा धडा येथे मिळतो.

आजच्या मापनानुसार अभिजित सुमारे पंचवीस प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशास सूर्यापासून येथवर येण्यास सव्वाआठ मिनिटे लागतात. अभिजितपासून निघालेला किरण मात्र पाव शतकाने पोहोचतो. आज जन्मलेले बालक पंचवीस वर्षांचे होईल, तेव्हा आज निघालेला प्रकाश त्याच्या डोळ्यांत शिरेल.

वर्ण आणि उष्णता

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापू लागले की ते प्रथम लाल, मग नारिंगी आणि पुढे पिवळसर पांढरे दिसू लागते. ताऱ्यांचेही तसेच आहे. जो तारा लाल, तो तुलनेने थंड. जो निळसर, तो अत्यंत उष्ण. नळाच्या तोटीवर लाल खूण गरम पाण्याची आणि निळी थंड पाण्याची असते. आकाशातील रीत याच्या नेमकी उलट आहे. याच ऋतूत संध्याकाळी नैर्ऋत्येस दिसणाऱ्या तांबूस ज्येष्ठा ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेतीन हजार केल्विन आहे. सूर्याचे सुमारे ५,७७० केल्विन आहे. अभिजितचे सरासरी नऊ हजारांच्या वर आहे. इतक्या उष्ण पदार्थाचा प्रकाश निळ्या व त्याहीपलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार किरणांत अधिक असतो. म्हणून अभिजित नीलश्वेत दिसतो.

अधिक बारकाईची माहिती वर्णपटातून मिळते. लोलकातून प्रकाश गेला की त्याचे सात रंग पसरतात. ताऱ्याच्या प्रकाशाच्या या रंगीत पट्ट्यात जागोजागी काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली असते, जशी प्रत्येक माणसाच्या अंगठ्याची खूण ठरलेली असते. अभिजित हा छायाचित्र घेतला गेलेला सूर्याव्यतिरिक्तचा पहिला तारा. १८५० च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत बाँड व व्हिपल यांनी हे छायाचित्र घेतले. १८७२ मध्ये हेन्री ड्रेपर याने अभिजितच्याच वर्णपटाचे छायाचित्र घेऊन त्यातील काळ्या रेषा कायमच्या कागदावर आणल्या. ही वर्णपटविद्या लवकरच महाराष्ट्रातही आली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने वेधशाळा उभारली आणि वीस इंची दुर्बिणीच्या द्वारे आकाशस्थ ज्योतींच्या वर्णपटांचा अभ्यास केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनाल येथे गेली.

अभिजितच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा फार ठळक आहेत. सूर्याच्या वर्णपटात त्या इतक्या ठळक नाहीत. मग अभिजितमध्ये हायड्रोजन अधिक आणि सूर्यात कमी, असे समजावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्याची किल्ली एका भारतीय शास्त्रज्ञाने दिली. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये आयनीकरणाचे समीकरण मांडले. अमुक तापमानाला व अमुक दाबाखाली अणूंपैकी किती अणू आपले इलेक्ट्रॉन गमावतील, हे त्या समीकरणाने काढता येते. त्याच्या आधारे असे दिसून आले की, हायड्रोजनच्या दृश्य रेषा सुमारे दहा हजार केल्विन तापमानाला सर्वांत ठळक होतात. त्याहून कमी तापमानाला पुरेसे अणू उद्दीपित होत नाहीत, आणि अधिक तापमानाला त्यांचे इलेक्ट्रॉनच निघून जातात. म्हणजे रेषांचा ठळकपणा हे द्रव्याचे प्रमाण सांगत नसून मुख्यतः तापमान सांगतो. १९२५ मध्ये सिसिलिया पेन या विदुषीने हाच धागा पकडून तारे मुख्यत्वे हायड्रोजन व हीलियम यांचेच बनलेले असतात, असा निष्कर्ष काढला. अभिजितमध्येही तसेच आहे. लोखंडासारखी जड मूलद्रव्ये त्याच्या बाह्य थरात सूर्याच्या तुलनेने सुमारे एक तृतीयांशच आढळतात.

उधळा तरुण

अभिजितचे वस्तुमान सूर्याच्या दुपटीहून किंचित अधिक आहे आणि त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे अडीच पट. त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या तेवढ्याच भागापेक्षा सहा पटींहून अधिक ऊर्जा बाहेर टाकतो आणि एकूण पृष्ठभागही सहा-सात पट मोठा आहे. या दोहोंचा गुणाकार केला की, अभिजित सूर्याच्या चाळीस पटींहून अधिक ऊर्जा उत्सर्जित करतो, असे दिसते.

इंधन दुप्पट आणि खर्च चाळीसपट, असा ज्याचा संसार, त्याचे आयुष्य दीर्घ कसे असणार? ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे रूपांतर हीलियममध्ये होते व त्यातून ऊर्जा निघते. सूर्यात हे कार्य मुख्यतः प्रोटॉनांच्या थेट संयोगाने सावकाश चालते. अभिजितच्या अधिक तप्त गाभ्यात कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन हे मध्यस्थाचे काम करतात आणि तीच क्रिया फार वेगाने होते. १९३८-३९ च्या सुमारास बेथे व व्हायत्सेकर यांनी हे चक्र उलगडले. तारुण्याच्या आरंभी अभिजितचा खर्च आजच्याहून कमी होता हे जमेस धरले, तरी या अवस्थेतील त्याचे एकूण आयुष्य एक अब्ज वर्षांच्या आसपासच भरते. सूर्याचे दहा अब्ज वर्षांचे आहे.

या आयुष्यापैकी त्याने किती काळ घालविला? प्रचलित गणितानुसार अभिजितचे वय सुमारे ४५ कोटी वर्षे आहे. काही गणितांनी ते ७० कोटींपर्यंत जाते. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. म्हणून वर्षांच्या मोजणीने अभिजित सूर्यापुढे बालकच आहे. आयुष्याच्या प्रमाणात मात्र दोघेही मध्यान्हीस आलेले आहेत. मानवी मापाने हा ‘तरुण’ किती जुना आहे, हे कळण्यासाठी पायाखालचा दगड पाहावा. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्या वेळी अभिजित आकाशात कित्येक कोटी वर्षे तळपत होता.

पुढे गाभ्यातील हायड्रोजन संपला की अभिजित फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बाह्य आवरणे झटकून टाकील आणि अखेरीस एक लहान, घन श्वेतबटू म्हणून थंड होत जाईल. श्वेतबटूच्या वस्तुमानास सूर्याच्या सुमारे १.४ पट ही मर्यादा आहे, असे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरुणपणीच गणिताने दाखविले. ताऱ्यांच्या घडणीसंबंधीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. द्रव्य गमावून उरलेला अभिजितचा अवशेष या मर्यादेच्या आतच राहील.

मापदंडाची निवड

प्राचीन ग्रीक ज्योतिर्विदांनी ताऱ्यांचे तेजाप्रमाणे सहा वर्ग केले. १८५६ मध्ये पॉग्सन याने त्यांना गणिती रूप दिले. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पटींचा फरक, असे ठरले. पण मोजपट्टीला शून्य हवे. अभिजित उत्तर गोलार्धातील बहुतेक वेधशाळांतून उंचावर दिसतो, तेजस्वी आहे आणि त्याचा वर्णपट साधा आहे. म्हणून शून्य प्रतीचा तारा म्हणून त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले. १९५३ मध्ये जॉन्सन व मॉर्गन यांनी वर्णमापनाची जी पद्धती बसविली, तिचा शून्यबिंदू ज्या सहा ताऱ्यांवरून ठरविला त्यांत अभिजित होता. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीवर ठेवलेल्या, ज्ञात तापमानाच्या भट्ट्यांच्या व दिव्यांच्या प्रकाशाशी अभिजितचा प्रकाश ताडण्यात आला. अशा रीतीने प्रयोगशाळेतील माप आकाशाला जोडले गेले.

या मापात चूक राहिली तर काय होते? तेजात शेकडा दोनची चूक झाली, तर अंतरात शेकडा एकची होते. अंतर चुकले की ताऱ्याची त्रिज्या, तेज आणि वय हे सर्व चुकते. विश्वाचे प्रसरण वाढत्या गतीने होत आहे, हा १९९८ मधील निष्कर्ष दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या तेजाच्या मोजणीवर आधारलेला आहे. तेथेही निळ्या आणि लाल प्रकाशाची मापे परस्परांशी नेमकी जुळविणे हा कळीचा प्रश्न आहे. मूळ वजन खोटे असेल, तर सबंध बाजाराचा हिशोब खोटा ठरतो.

पहिली शंका : अदृश्य धूळ

१९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांनी मिळून अवरक्त किरण टिपणारा ‘आयरास’ हा उपग्रह सोडला. अवरक्त म्हणजे उष्णतेचे, डोळ्यांना न दिसणारे किरण. उपग्रहावरील उपकरणे तपासून घेण्यासाठी अभिजितकडे रोखण्यात आली. अपेक्षा अशी की, प्रमाण तारा पाहिला म्हणजे उपकरणाची खात्री होईल. झाले उलटेच! लांब तरंगांच्या अवरक्त प्रकाशात अभिजित अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी निघाला.

प्रथम शंका उपकरणाची यावी हे स्वाभाविकच. परंतु इतर ताऱ्यांच्या बाबतीत उपकरण ठीक होते. अखेर ऑमन व जिलेट या शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की, अभिजितभोवती थंड धुळीचे विस्तीर्ण कडे आहे आणि ते ताऱ्याच्या उष्णतेने कोमट होऊन अवरक्त किरण सोडीत आहे. सूर्याखेरीज दुसऱ्या सामान्य ताऱ्याभोवती घन द्रव्याचे असे अस्तित्व प्रथमच उघड झाले. ग्रह जेथे घडतात, तशा द्रव्याचा हा पुरावा होता. उपकरण तपासण्यासाठी निवडलेल्या ताऱ्यानेच हा मोठा शोध हाती दिला. अवरक्त क्षेत्रात मात्र त्याची मापदंड म्हणून योग्यता उणावली.

२०२४ मध्ये हबल व वेब या अवकाश दुर्बिणींनी घेतलेल्या चित्रांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभिजितचे धूलिकडे सुमारे १६,००० कोटी किलोमीटर व्यासाचे असून ते आश्चर्यकारकरीत्या सपाट व एकसारखे आहे. शेतात नांगर फिरला म्हणजे तास उमटतात, तशा मोठ्या ग्रहांच्या खुणा त्यात आढळल्या नाहीत. तशाच जातीच्या इतर ताऱ्यांभोवती कडी व पोकळ्या असताना येथे इतकी सपाटी का, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा आहे.

दुसरी शंका : वरून पाहिलेले जाते

दुसरी गोष्ट याहून मूलगामी होती. आगगाडी जवळ येताना तिची शिट्टी तीक्ष्ण आणि दूर जाताना खर्जात ऐकू येते. प्रकाशाचेही असेच होते. तारा स्वतःभोवती फिरत असेल तर त्याची एक कड जवळ येते व दुसरी दूर जाते आणि त्यामुळे वर्णपटातील रेषा रुंदावतात. अभिजितच्या रेषा अरुंद होत्या. त्यावरून तो सावकाश फिरणारा, साधा, गोल तारा समजला गेला. त्याच्या जातीचे बहुतेक तारे वेगाने फिरतात. अभिजित अपवाद म्हणून, आणि म्हणूनच मापदंडास योग्य म्हणून मानला गेला.

तथापि काही आकडे जुळत नव्हते. त्याचे तेज त्याच्या वर्गाच्या मानाने अधिक होते. ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे हॅन्बरी ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताऱ्यांचे कोनीय व्यास मोजले, त्यांत अभिजितचाही मोजला. तो एका विकलेच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका आहे. कोलकात्यात धरलेले एक नाणे मुंबईहून पाहावे, तसे हे मोजमाप! त्या मानाने अभिजित थोडा थोरच निघाला. १९८० नंतरच्या दशकात अशी शंका मांडली गेली की, अभिजित वेगाने फिरतो, पण त्याचा ध्रुव जवळजवळ पृथ्वीकडे रोखलेला आहे.

फिरते जाते बाजूने पाहिले, तर त्याची एक कड जवळ येताना व दुसरी दूर जाताना दिसते. वरून पाहिले तर जाते कितीही वेगाने फिरो, कोणतीच कड पाहणाऱ्याकडे येत नाही की दूर जात नाही. अभिजितच्या बाबतीत हेच घडत होते. १९९४ मध्ये त्याच्या वर्णपटातील काही बारीक रेषांचा तळ सपाट असल्याचे दाखविण्यात आले आणि शंकेला बळ मिळाले. २००६ मध्ये अमेरिकेतील व्यतिकरणमापकांनी, म्हणजे दूरदूर ठेवलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या यंत्रणांनी, ताऱ्याच्या बिंबाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे तेज मोजले आणि शंका खरी ठरविली.

अभिजित सुमारे सोळा तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. सूर्याच्या विषुववृत्तास यासाठी सुमारे पंचवीस दिवस लागतात. अभिजितच्या विषुववृत्तावरील वेग सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर आहे. सूर्याचा सुमारे दोन. या वेगाने अभिजित मध्यभागी फुगलेला असून त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येहून आठव्या ते पाचव्या हिश्शाने मोठी आहे, असे निरनिराळी मापने सांगतात. फुगलेल्या भागात गुरुत्वाकर्षण कमी पडते आणि जेथे ते कमी, तेथे तारा थंड व मंद असतो, हे फॉन त्साइपेल याने १९२४ मध्येच गणिताने दाखविले होते. त्याप्रमाणे अभिजितच्या ध्रुवावर सुमारे दहा हजार केल्विन तापमान असून विषुववृत्तावर ते हजार ते दोन हजारांनी कमी आहे. ध्रुवाकडचा उष्ण भाग पृथ्वीसमोर असल्यामुळे अभिजित येथून प्रत्यक्षाहून अधिक तेजस्वी भासतो. बाजूने पाहणाऱ्या एखाद्या निरीक्षकास तोच तारा मंद आणि कमी निळा दिसेल.

म्हणजे एकाच तापमानाचा समजलेला हा तारा प्रत्यक्षात अनेक तापमानांचे मिश्रण निघाला. २००९ मध्ये त्यावर दुर्बळ चुंबकीय क्षेत्र असल्याचेही आढळले. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राइतपतच तीव्रतेचे आहे.

साखळी पुन्हा जुळविताना

मग अभिजितवर आधारलेली सर्व मापे टाकून द्यावी लागली काय? तसे झाले नाही. ताऱ्याचे तेज प्रयोगशाळेतील दिव्याशी ताडून प्रत्यक्ष मोजलेले होते. ती मोजणी ताऱ्याविषयीच्या कल्पनेवर अवलंबून नसल्यामुळे दृश्य प्रकाशात ती टिकली. मात्र जेथे प्रत्यक्ष मोजणी नव्हती आणि ‘हा साधा, सावकाश फिरणारा तारा आहे’ या गृहीतावर आकडे बसविले होते, तेथे दुरुस्ती करावी लागली. आता अवकाश दुर्बिणींच्या मापनासाठी ज्यांची घडण गणिताने अधिक नेमकी सांगता येते, असे काही श्वेतबटू प्रमाण म्हणून वापरले जातात. काही पद्धतींत तर शून्यबिंदू कोणत्याही ताऱ्यावर न ठेवता थेट ऊर्जेच्या एककांत ठरविला आहे.

पृथ्वीवरील वजनांच्या बाबतीतही असेच घडले. फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या धातूच्या मूळ किलोग्रॅमची तुलना त्याच्या प्रतिकृतींशी केली असता त्यांच्यात काळाच्या ओघात सूक्ष्म फरक पडल्याचे दिसून आले. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या धातूच्या तुकड्याऐवजी निसर्गातील एका स्थिरांकावर आधारलेली आहे. मूळ मापालाही तपासणीतून सूट नाही, हेच या दोन्ही घटनांतून दिसते.

अभिजितचे महत्त्व यामुळे कमी झालेले नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो. त्यामुळे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी अभिजित उत्तर ध्रुवाच्या जवळ होता आणि आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी पुन्हा त्या जागी येईल. तेव्हाची माणसे त्यालाच दिशादर्शक मानतील. परंतु तेव्हाही तो ध्रुवबिंदूवर अचूक नसेल, चार-पाच अंश दूरच असेल. आणि काळजीपूर्वक प्रवास करणाऱ्यास तेवढी वजाबाकी करावीच लागेल.

गावोगावच्या शाळांतून ही हकिगत सांगण्यास मोठी सामग्री लागत नाही. निरभ्र रात्र, शाळेची गच्ची किंवा ग्रामपंचायतीचे पटांगण आणि एखादी साधी द्विनेत्री दुर्बीण एवढे पुरे. अभिजित आणि ज्येष्ठा यांचे रंग मुलांना शेजारी शेजारी दाखवावेत आणि अधिक उष्ण कोणता, हे आधी त्यांना विचारावे. बहुतेक मुले लाल म्हणतील. मग लोहाराच्या भट्टीची आठवण द्यावी. स्वतःचे पहिले उत्तर स्वतःच तपासून दुरुस्त करण्याचा अनुभव मुलांना त्या रात्री मिळेल, आणि अभिजितच्या अभ्यासातही शास्त्रज्ञांनी याहून वेगळे काही केलेले नाही.